पद्धतरावांनी बॅटरी घेतली

साहेबांचा हात धरून पद्धतराव तळघरातून वर आले तेव्हा सगळं ऑफिस चहा पीत होतं.

एरवी साहेबांचा हात ही काही वाईट वस्तू नव्हे. तो आपल्या डोक्यावर असावा म्हणून माणसं नोकरीभर मान वाकवून बसतात. पण तोच हात हातात घेऊन, बोटांत बोटं गुंतवून, पायरी-पायरीनं भर ऑफिसात उगवायचं म्हणजे वेगळी गोष्ट झाली. येणारं टपाल घेणाऱ्या आवकबाईंनी कप तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला. शिपायानं उठावं की बसावं हे न कळून मधलीच काहीतरी अवस्था पत्करली.

झालं होतं ते असं. ऑफिस पाणीपुरवठ्याचं. गावाखालून गेलेल्या नळांचे जुने नकाशे तळघरातल्या कपाटांत, आणि तळघराच्या दिव्याचं बटण मात्र वर, जिन्याच्या दाराबाहेर. असं का, हे विचारायला बांधणारा आता हयात नाही. त्यात साहेबांना काटकसरीचा ध्यास. जाता-येता दिसेल तो दिवा ते घालवत. त्या दिवशी पद्धतराव स्टुलावर चढून वरच्या कप्प्यातला नकाशा ओढत होते आणि वर साहेबांनी बटण दाबलं. खालची धडपड ऐकून कोण आहे ते बघायला साहेब स्वतःच जिना उतरू लागले. दिवा लावावा हे त्यांना अर्थातच सुचलं नाही. मधल्या वळणावर, चाचपडत वर येणाऱ्या पद्धतरावांच्या हाताला एक हात लागला. तो शिपायाचा समजून त्यांनी घट्ट पकडला आणि म्हणाले, "गाढवा, दिवा कोणी घालवला?"

"मी," हात साहेबांच्या आवाजात म्हणाला.

आता हात सोडावा तर साहेब गडगडतील, आणि न सोडावा तर वर सगळे बसलेले. पद्धतरावांनी साहेब वाचवायचं ठरवलं. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.

पद्धतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. 'प्रत्येक गोष्टीची एक पद्धत असते' हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. नकाशे विभागात ते सगळ्यांत जुने. विभागाच्या अधीक्षकांची बदली ठरली होती आणि नवा माणूस येईपर्यंत त्यांचा चार्ज कुणाकडे तरी द्यावा लागणार होता. सेवाज्येष्ठतेनं तो पद्धतरावांचा. पण तो यापूर्वी दोनदा हुकला होता, एकदा ते गालफुगीनं घरी होते म्हणून आणि एकदा ते हजर होते पण कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून. त्यांना खुर्चीचा मोह नव्हता, पंखा तर तिथेही कुरकुरतच होता. उभी हयात त्यांनी लोकांच्या टेबलासमोर उभं राहून 'करू का?' असं विचारण्यात घालवली होती. आता एकदा तरी कुणीतरी आपल्यासमोर उभं राहून 'करू का?' असं विचारावं, आणि आपण जरा थांबून 'करा' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि नेमक्या या वेळी जिन्यातला प्रकार. साहेब त्या दिवसापासून समोरून आले की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. पद्धतरावांनी मनाशी ठरवलं की पुन्हा अंधारात सापडायचं नाही. खिशात मावेल अशी छोटी बॅटरी घ्यायची आणि रोज ऑफिसात बाळगायची. मोबाईलचा उपयोग नव्हता, कारण नकाशांचे फोटो कुणी काढू नयेत म्हणून तळघरात मोबाईल न्यायला बंदी होती. ही बंदी पाळणारे ऑफिसात मोजकेच होते आणि पद्धतरावांच्या देखत तर सगळ्यांनाच पाळावी लागे.

"मग घ्या की," बायको म्हणाली. "त्यात एवढं ठरवायचं काय?"

"बॅटरी घ्यायची एक पद्धत असते," पद्धतराव म्हणाले. बायकोनं कपाळाला हात लावला आणि ती कपडे वाळत घालायला गेली.

पद्धतीप्रमाणे ते आधी जाणकाराचा सल्ला घ्यायला वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांकडे गेले. निवृत्तीनंतर इंजिनिअरांना कुणी काही विचारत नसे, त्यामुळे त्यांच्याकडे बराच सल्ला साठून राहिला होता.

"बॅटरी नव्हे, टॉर्च म्हणा," इंजिनिअर म्हणाले. "बॅटरी आत असते."

"आत सेल असतात," पद्धतराव म्हणाले.

"त्या सेललाच बॅटरी म्हणतात."

"मग बॅटरीला काय म्हणायचं?"

या मुद्द्यावर संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरांनी प्रात्यक्षिकासाठी इमारतीच्या जिन्यातले सगळे दिवे घालवले आणि स्वतःकडचा टॉर्च पद्धतरावांच्या हातात देऊन भिंतीवर प्रकाश कसा पसरतो ते बघायला सांगितलं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू वर येत होत्या. अंधारात कुणीतरी भिंती तपासतंय एवढंच त्यांना दिसलं. पुढे जी आरडाओरड झाली तिच्यातून पद्धतरावांना सोडवायला बायकोला यावं लागलं. इंजिनिअर तोवर घरात जाऊन जेवायला बसले होते.

सल्ल्यानंतर खरेदी. इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन ते म्हणाले, "बॅटरी दाखवा."

"गाडी कुठली?" दुकानदारानं विचारलं.

"गाडी नाही. मी चालत आलो."

"मग बॅटरी कशाला हवी?"

"खिशात ठेवायला."

दुकानदारानं एकदा मागच्या फळीवरच्या ठोकळ्याएवढ्या बॅटरीकडे पाहिलं, एकदा पद्धतरावांच्या खिशाकडे पाहिलं, आणि प्रश्न कळल्यावर एक लांबलचक नळकांडं काढून काउंटरवर ठेवलं. "ही घ्या. समोरच्या टेकडीवरचा माणूस ओळखू येतो."

"आमचं कपाट हाताच्या अंतरावर आहे."

"मग तर काय, अगदीच स्वच्छ दिसेल," दुकानदार म्हणाला आणि त्यानं ती बांधायलाही घेतली.

ती बॅटरी चांगली होती, पण तिचं वजन एकाच खिशात. विजार त्या बाजूनं रोज थोडी थोडी खाली उतरू लागली. पट्ट्याला नवं भोक पाडूनही जमेना, तेव्हा पद्धतराव एका हातानं कंबर सावरत चालू लागले. आवकबाईंनी त्यांना कंबरेचा व्यायाम सांगितला. बाहेर जाणारं टपाल बघणाऱ्या तरुण कारकुनाला सगळे 'जावक'च म्हणत. त्यानं स्वतःच्या खुर्चीवरची उशी आणून दिली. एवढ्या आपुलकीनं दिलेली उशी नाकारायची कशी, म्हणून पद्धतराव आठवडाभर तिच्यावर बसून उंच दिसत राहिले.

दुसरी बॅटरी त्यांनी पेनासारखी घेतली. वरच्या खिशाला अडकवायची, वजनाचा प्रश्न नाही. एकदा साहेब घाईत विभागात आले, त्यांना सही करायची होती, आणि त्यांनी पद्धतरावांच्या खिशातून हक्कानं ते पेन उपसलं. टोक कुठलं हे बघायला त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं आणि मागचं बटण दाबलं. साहेबांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकणं हा वाक्प्रचार नकाशे विभागानं त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिला.

"काय आहे हे?" साहेबांनी डोळे चोळत विचारलं.

"पेन, साहेब," पद्धतराव म्हणाले. "म्हणजे पेन नव्हे."

साहेब घड्याळाच्या दिशेनं बघू लागले, पण बहुधा त्यांना अजून घड्याळ दिसत नव्हतं.

तिसरी किल्ल्यांच्या जुडग्याला लावायची, बोराएवढी. तिचा दोष एवढाच, की ती कशानंही पेटे. एका जुन्या सहकाऱ्याच्या निधनानिमित्त सगळे माना खाली घालून स्तब्ध उभे होते. जुडगं वरच्या खिशात होतं. तेवढ्यात पद्धतरावांच्या छातीत मंद निळा उजेड पडला. त्यांनी तो तळहातानं झाकला तर तो बोटांतून झिरपू लागला. मागून जावक हळूच म्हणाला, "पद्धतरावांचा आत्मा दिसतोय." ज्यांचं दुःख खरं होतं त्यांनाही हसू आवरेना, आणि साहेबांनी स्तब्धता लवकर संपवली.

दुसरा कुणी असता तर त्यानं अंधाराशी तह केला असता. पद्धतराव इरेला पेटले. जिन्यातला प्रसंग, विजार, काजवे आणि आत्मा या सगळ्याचं उट्टं आता एकाच गोष्टीनं निघणार होतं. योग्य बॅटरी, योग्य खिशात, योग्य वेळी. शेवटी मेहुणा धावून आला.

"भावजी, सेलचे दिवस गेले," तो म्हणाला. "चार्जिंगची घ्या." आणि त्यानं अंगठ्याएवढी एक देखणी बॅटरी आणून दिली. तिला एकच बटण. एकदा दाबलं की मंद, दोनदा दाबलं की लख्ख, तीनदा दाबलं की संकटात सापडल्यासारखी उघडझाप, आणि बंद करायचं असेल तर दाबून धरून मनात थोडं थांबायचं. पद्धतरावांनी घरी पडदे लावून सराव केला. बायको म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे एवढं लक्ष कधी दिलं होतं?" यावर त्यांनी चुकून तीनदा बटण दाबलं.

ही बॅटरी मात्र खरंच मनासारखी होती. विजार जागेवर राहिली. कुणी तिला पेन समजलं नाही. फक्त सकाळी पूर्ण चार्ज करून नेली तरी जेवणाच्या सुट्टीनंतर ती मान टाकायची. मेहुणा म्हणाला, दुपारी ऑफिसात एकदा चार्ज करायची, संपलं.

संपलं कसं? ऑफिसात साहेबांनी सूचना लावली होती, की त्यांच्या परवानगीशिवाय कुणीही स्वतःची वस्तू ऑफिसच्या विजेवर लावू नये. जावकच्या टेबलाशी एकच धड प्लग होता आणि त्याला सगळ्या विभागाच्या वायरी लोंबकळत. साहेबांची पावलं वाजली की सगळे आपापली वायर ओढून घेत.

"तुम्हीपण लावा हो," आवकबाई म्हणाल्या. "कुणाला कळतंय?"

"मी परवानगी घेईन," पद्धतराव म्हणाले.

"बॅटरी लावायला साहेबांकडे जाणार?" जावकनं विचारलं. "आत्ता? अधीक्षकांच्या जागेचं चाललंय तेव्हा? गप्प बसा की थोडे दिवस."

पण पद्धतराव उठले होते. उठलेले पद्धतराव बसत नसत. ते साहेबांच्या खोलीत शिरले आणि जिन्यानंतर प्रथमच दोघं समोरासमोर आले.

"साहेब, चार्जबद्दल बोलायचं होतं."

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. "मला वाटलंच तुम्ही येणार. बोला."

"मला तो पूर्णवेळ नकोय. रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मिळाला तरी भागेल."

"अर्धा तास?" साहेब म्हणाले. "चार्ज?"

"तेवढीच क्षमता आहे, साहेब. सकाळी सगळं ठीक असतं. दुपारनंतर काही प्रकाश पडत नाही."

"हे माझ्याही लक्षात आलंय," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात प्रथमच थोडी माया आली. "तुम्ही स्वतः बोललात हे चांगलं केलंत."

"आणि जावककडे सोय होणार असेल, तर तसं करा. माझी काहीच हरकत नाही."

"जावककडे? तुम्हाला चालेल?"

"उलट बरंच. त्याचं लक्ष राहील. मला मधूनमधून फार तापण्याची भीती वाटते."

साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी पद्धतरावांच्या खांद्यावर थोपटलं. "एवढा मोठेपणा या ऑफिसात कुणी दाखवला नव्हता," ते म्हणाले. "मी बघतो."

पद्धतराव तरंगतच बाहेर आले. एका छोट्या प्लगसाठी साहेब एवढे हेलावतील असं त्यांनाही वाटलं नव्हतं. लेखी परवानगी येईपर्यंत त्यांनी बॅटरी ऑफिसात लावली मात्र नाही.

लेखी आलं ते दुसऱ्याच दिवशी. शिपायानं मोठ्यानं वाचलं. अधीक्षकांचा चार्ज जावककडे देण्यात येत आहे, पद्धतरावांनी स्वखुशीनं सहमती दिली आहे, त्यांच्या दिलदारपणाची नोंद घेण्यात येत आहे. जावक खुर्चीतून अर्धवट उठला. आवकबाई पद्धतरावांकडे बघत होत्या. पद्धतराव म्हणाले, "अभिनंदन," आणि टेबलावरचे कागद सरळ करू लागले. ते आधीच सरळ होते.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. चार्ज यांनाच मिळणार असं तिनं बहिणीला आधीच कळवून टाकलं होतं, पण आता ती त्याबद्दल बोलली नाही.

"का पण?" तिनं विचारलं.

"जिना," पद्धतराव म्हणाले. "दुसरं काय असणार? खांदा थोपटला हो माझा. खांदा थोपटून काढून घेतलं." त्यांना रडू येईल असं वाटलं आणि ते हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू राहिला. पाणीपुरवठ्याच्या माणसाच्या घरात एरवी असं कधी होत नसे.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर ऑफिसात गेले. चार्ज आपल्याला नाही म्हणून तो कसातरी दिला जावा हे त्यांना मंजूर नव्हतं. "चार्ज द्यायची एक पद्धत असते," त्यांनी अधीक्षकांना सांगितलं. "कपाटं उघडून, नकाशे मोजून, साहेबांच्या समोर. मग सह्या." अधीक्षकांचं सामान निम्मं बांधून झालं होतं, त्यांना हे नको होतं. पण पद्धतराव हटले नाहीत. जेवणानंतर अधीक्षक, साहेब, जावक आणि पद्धतराव असे चौघं तळघरात उतरले. मोबाईल वरच ठेवले. पद्धतराव एकेका कप्प्यातले नकाशे वाचून दाखवत, अधीक्षक मान डोलवत, आणि जावकचा चेहरा दर कपाटागणिक लहान होत गेला.

तिसरं कपाट उघडलं आणि दिवा गेला.

"कोण आहे वर?" साहेब ओरडले.

"मी आहे," वरून शिपाई म्हणाला. "खाली कुणी राहिलंय का? दिवा लावता येणार नाही, साहेबांनी सांगून ठेवलंय."

"अरे, मी साहेबच बोलतोय."

"सगळे तेच म्हणतात," शिपाई म्हणाला आणि त्याची पावलं लांब गेली.

मग साहेबांचा आवाज आला, "पद्धतराव, तुम्ही खिशात बॅटरी ठेवता ना? लावा ती."

पद्धतरावांनी बॅटरी काढली. ज्या एका क्षणासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला होता तो समोर उभा होता. त्यांनी बटण एकदा दाबलं, दोनदा दाबलं, तीनदा दाबलं. संकटाची उघडझापसुद्धा होईना.

"बॅटरी आहे, साहेब," ते म्हणाले. "चार्ज नाही. चार्ज तुम्ही जावककडे दिलात."

अंधारात कुणीतरी खोकलं. साहेबांना राग आला असावा, पण तो कुणावर काढायचा हे दिसत नव्हतं. "हे टोमणे कशाला?" ते म्हणाले. "तुम्हीच मागणी केलीत. अर्धा तास पुरे म्हणालात. दुपारनंतर प्रकाश पडत नाही म्हणालात. जावककडे सोय करा म्हणालात."

"बॅटरीची, साहेब," पद्धतराव म्हणाले. "मी बॅटरीबद्दल बोलत होतो. जावकच्या टेबलाशी प्लग आहे."

हे ऐकून साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडायला बराच वेळ लागला. तळघरात तेवढाच काय तो पडला.

"म्हणजे तापण्याची भीती..." साहेब म्हणाले.

"तीपण बॅटरीच."

"आणि मला वाटलं, या माणसाला किती स्वतःची जाणीव आहे." साहेबांचा आवाज खाली आला. "पद्धतराव, तुम्हाला चार्ज हवा होता?"

उजेडात हा प्रश्न कुणी विचारला असता तर पद्धतरावांनी 'आपण ठरवाल तसं' असंच उत्तर दिलं असतं. ते उत्तर त्यांच्या तोंडात तयारच असे. पण इथे कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

"हवा होता, साहेब," ते म्हणाले. "फार दिवसांपासून हवा होता."

अधीक्षकांनी घसा साफ केला. "आदेश निघालाय हे खरं," ते म्हणाले, "पण सह्या व्हायच्यात. आणि अंधारात सही काही करता येत नाही."

"साहेब," कोपऱ्यातून जावक म्हणाला, "एवढी कपाटं रोज सांभाळायची असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

वर शिपायाला शेवटी कुणीतरी साहेब कुठे आहेत असं विचारलं, तेव्हा दिवा लागला. चौघांनीही डोळे बारीक केले. साहेबांनी घड्याळ शोधलं, पण तळघरात घड्याळ नव्हतं, त्यामुळे त्यांना पद्धतरावांकडे बघावं लागलं. मग त्यांनी जावकच्या हातातला आदेश घेतला, त्यावरचं नाव खोडलं, वर दुसरं लिहिलं आणि शेजारी लहानशी सही केली. पद्धतराव म्हणाले, "साहेब, खाडाखोडीची एक पद्धत असते," आणि लगेच गप्प बसले.

वर आल्यावर ते अधीक्षकांच्या खुर्चीवर बसले. पंखा कुरकुरत होता. थोड्या वेळानं जावक समोर येऊन उभा राहिला. हातात बाहेर जायचं एक पाकीट होतं.

"हे आजच पाठवू का?" त्यानं विचारलं.

पद्धतराव ठरवल्यापेक्षा जास्त वेळ थांबले. मग म्हणाले, "पाठवा."

संध्याकाळी बायको दारातच होती. सकाळी ज्या चेहऱ्यानं ते बाहेर पडले होते तो परत आला नाही हे तिनं पाहिलं.

"चार्ज मिळाला?" तिनं विचारलं.

"मिळाला."

"विभागाचा की बॅटरीचा?"

"विभागाचा," पद्धतराव बूट काढत म्हणाले. "बॅटरीची परवानगी राहिली. ती मागायला मी आता साहेबांच्या खोलीत पाऊल टाकणार नाही."